साडेएकतीस

लॅमिंग्टन रोडच्या तिसऱ्या दुकानातही तोच प्रश्न:
मुंबईत हीटर कशाला, काका?
म्हटलं, घरात एक जण आहे, त्याला गारठा सोसत नाही.
वय?
सहा.
दुकानदाराने पोराच्या काळजीने मान हलवली
आणि मीही दुरुस्त केलं नाही.

सहा वर्षांचा, चार फूट, दीड किलो.
शलाकाने नाव ठेवलंय भाऊसाहेब.
मूळचा आफ्रिकेकडचा, नोंदणी रीतसर,
घरात सगळ्यात सरळ कागदपत्रं त्याचीच.

गेल्या जानेवारीत काचपेटीखाली नुसती चटई लावली होती,
तापणारी, थेट प्लगमध्ये.
रोज सकाळी हात लावून बघायचो. ठीक आहे.
ठीक नव्हतं.
पोटाचे खवले तपकिरी पडले तेव्हा कळलं.
परळच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, म्हणाल्या,
सापाला पोटाखालची आच लवकर कळत नाही,
बसून राहतो भाजेपर्यंत.
पण तुम्ही हात लावत होतात ना?

लावत होतो.
अठ्ठावीस वर्षं ससून डॉकजवळच्या शीतगृहात,
उणे अठरा, कोळंबीचे ठोकळे, हलव्याच्या पेट्या.
उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली.
म्हणजे आहेत, इथेच आहेत,
हाक मारली तर ओ देत नाहीत, इतकंच.
घरी कुणाला बोललो नव्हतो.
चहा डाव्या हाताने घेतो,
शलाकाला वाटतं सवय असेल.

धरमसीने काउंटरवर तीन डब्या मांडल्या.
एक टक् करून चालू होतो, टक् करून बंद,
स्वस्त, रात्री झोपमोड.
दुसरा थेंबथेंब वीज सोडतो,
वायसर गेलेल्या नळासारखा.
तिसरा हळूहळू मंद करत आणतो,
त्याची किंमत ऐकून मी चष्मा पुसला.
यातला एकही ऊब देत नाही, धरमसी म्हणाला,
हे फक्त पुरे म्हणतात.

मी विचारलं, बिघडला तर?
बिघडला तर चालू राहतो, की बंद पडतो?
त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.
खरं सांगू, काका? बहुतेक चालूच राहतात.
मग मला दोन लागतील.
शीतगृहाच्या दाराला आतूनही कडी असते,
ती आहे ना, हे बघितल्याशिवाय
आमच्यातलं कुणी आत पाऊल टाकायचं नाही.

थेंबथेंबवाला साडेएकतीसवर.
त्याच्या डोक्यावर टक्‌टक्‌वाला, चौतिसावर,
वरचा पहारेकरी.
पिशवीत दोन्ही एकमेकांवर आपटत होते घरापर्यंत.

रात्री तापमान मोजणारी वायर
पेटीच्या तळाला चिकटवायची होती.
टेप बसली की नाही ते मला कळेना.
दाबली, पुन्हा दाबली.
बाबा, किती वेळ?
तू बघ गं, म्हटलं, मला समजत नाही.
म्हणजे?
म्हणजे या दोन बोटांना.

ती काही बोलली नाही. टेप बसवली, नखाने घासली.
मग माझा उजवा हात धरून तळावर ठेवला.
किती वाटतंय?
साडेएकतीस.
वाचू नका, बाबा. सांगा.

अंगठ्याला ऊन उतरल्यावरची फरशी.
तर्जनीला तसंच काहीसं.
करंगळीला थोडं कमी.
मधल्या दोघांचं मी काहीच सांगितलं नाही,
तिने विचारलंही नाही.

भाऊसाहेब बाहेर आला त्याच्या मडक्यातून.
याच्या ओठांवर खळगे असतात,
त्यांना म्हणे ऊब दिसते, अंधारातही.
माझ्या हातापाशी आला,
त्या दोन बोटांसमोर जरा थांबला
आणि बाकीच्या तीन बोटांकडे वळला.