तीन वाजताची सावली

शेडगे गच्चीवर खडूने रेघ मारतो.
"ही तीनची सावली, मॅडम. ही चारची."
बुचाचं झाड पलीकडच्या कंपाउंडातलं,
त्याला यातलं काही माहीत नाही.

"दोन फांद्या उतरवल्या तर सहा पॅनेल बसतील.
नाहीतर चारच."
श्रीरंग मोबाइलवर गुणाकार करतो,
महिन्याला इतके युनिट, वर्षाला इतके,
पैसे सुटायला अमुक वर्षं.
आपण तेव्हा केवढे, हे तो मनात करतो.
मला ऐकू येतं.

बावीस वर्षं गीझरचा लाल दिवा
आमच्या भांडणात उभा आहे.
तो लावतो, विसरतो. मी बंद करते, बोलते.
एकदा गणपतीपुळ्याला पोचल्यावर आठवलं
आणि तीन दिवस समुद्राकडे बघताना मला
सहकारनगरात तापत राहिलेलं
पंधरा लिटर पाणी दिसत होतं.

"पाणी बोअरचं मिसळता ना?"
हो. पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो.
"मग तांब्याच्या नळ्या चोंदतील. काचेच्या घ्या."
टाकीची जागा दाखवतो, पार टोकाला.
मी विचारते, तिथून मोरीपर्यंत पाइप किती?
"असेल साठ फूट."
म्हणजे रोज साठ फूट गार पाणी आधी सोडायचं,
मग कुठे ऊन पाणी येणार.
ह्या गावात, जिथे गुरुवारी नळ कोरडे.
टाकी अलीकडे घ्या, म्हणते मी, जिन्याच्या डोक्यावर.
तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बोलतो.

राहिल्या फांद्या.
श्रीरंग कठड्याला टेकून वर बघत राहतो,
बराच वेळ, चहा गार होईपर्यंत.
मग मोबाइल खिशात टाकतो.
"चारच बसव."
का, ते सांगत नाही. मीही विचारत नाही.

आता नोव्हेंबर.
सकाळी लांब दांड्याचं फडकं घेऊन वर जाते.
काळ्या काचांवर रात्री पडलेली पांढरी फुलं,
लांब देठांची.
शेडगे म्हणाला होता, एका पानाची सावलीसुद्धा
मीटरला कळते.
कळू दे.
आठ-दहा उचलते, बाकीची राहू देते
नऊपर्यंत.

खालून हाक येते, मोरीच्या खिडकीतून:
"अगं, कोमटच आहे!"

काल दिवसभर ढग होते.
मी कठड्यावरून वाकून सांगते,
कालचं ऊन तेवढंच होतं.