वई

आम्ही चंदगडाकडून आलो ते काजूच्या पावणीत एक डोंगर घ्यायला.
एका हंगामापुरतं, आई म्हणाली होती.
नगरगावच्या उतारावर तिने तीन दगडांची चूल मांडली,
चौथ्या वर्षी ती मातीने पक्की करून घेतली,
आणि मग परतीचं कुणी काढलंच नाही.

ओहोळापलीकडे कुरियन.
तेही आलेलेच, आमच्याहून कितीतरी लांबून,
रबराची रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून.
बाबा त्यांना ‘ते लोक’ म्हणायचे.
ते आम्हाला काय म्हणत, ठाऊक नाही;
त्यांचं बोलणं ऐकू यायचं
पाण्यात भराभर खडे पडावेत तसं.

शेवंताक्का अठराची.
बोंडं पिळून बिया वेगळ्या करायची, बोटं सोललेली.
औसेप पहाटे कपाळाला दिवा बांधून
झाडांना तिरप्या रेघा मारत जायचा.
फार खोल नाही मारायची, अक्काने मला एकदा समजावलं,
खोल गेली तर झाड दुखावतं,
उथळ गेली तर चीक येत नाही.
तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं नाही.
नऊ वर्षांची होते. पण इतकीही लहान नव्हते.

दोघं बोलायचे कोकणीत,
जी दोघांचीही नव्हती.
दुकानातून उसनी आणलेली, मिठासारखी,
लागेल तेवढीच.
‘जेवलें गो?’
‘उदक आटलें.’
‘फाल्यां?’ म्हणजे उद्या.
त्यापुढचे शब्द नव्हते,
म्हणून बराच वेळ नुसते उभे राहायचे.

सांगितलं मी.
कुणी मारलं नाही, धमकावलं नाही.
बाबांनी दांडीवरचं तिचं पातळ बाजूला सारलं,
धुराचा वास आला,
आमच्या चुलीचा नव्हे,
रबराच्या लाद्या धुरावर वाळवतात त्या कोठीचा.
माझ्याकडे बघितलं फक्त.
आणि मला वाटलं, खरं बोलायचं असतं.

त्या रविवारी कुरियन चर्चमधून थेट आमच्या अंगणात,
पांढरं मुंडू, काखेत छत्री.
भिकादादाने कोयता भिंतीला टेकवून ठेवला होता,
दिसेल असा.
त्याची गरजच पडली नाही.
दोघे बाप पहिल्यांदा एका बाकावर बसले,
मध्ये हुर्राकची बाटली,
आणि मोडक्यातोडक्या कोकणीत
त्यांना एकमेकांचं सगळं पटत गेलं:
देव, जात, मुलीची अब्रू, मुलाचं फिरलेलं डोकं.
दिवेलागणीपर्यंत ओहोळाकाठी वई ठरली.
काटे आमचे, मेढी त्यांच्या.

अक्काला बेळगावात दिली.
औसेप कतारला गेला म्हणे.

वई दोन पावसांत कुजली.
बापांची दोस्ती टिकली एकतीस वर्षं.
इकडून फणस जायचा, तिकडून कंद यायचे,
एकाच झऱ्याचं पाणी दोन्ही बागांना.
बाबा गेले तेव्हा कुरियन आले खांदा द्यायला,
वाकलेले, अनवाणी,
आणि परतताना थांबले उंबऱ्यापाशी.
अक्का चौकटीला धरून उभी, केस पिकलेले.
त्यांनी विचारलं,
‘जेवलें गो, बाय?’

अक्का काही बोलली नाही.
माझ्याकडे बघितलं तिने,
बाबांनी बघितलं होतं तसं.
मी आत गेले, चहाचं आधण ठेवायला,
काडी ओढली,
मग आठवलं, आज या घरात
चूल पेटवायची नसते.