कालचे

रुवीच्या मागल्या गल्लीत, टायरवाल्याला लागून
इस्माईलमामा परकारांची बेकरी.
खेडहून आलो, आणि पहिल्याच आठवड्यात
दोन हजार स्टिकर छापून आणले :
'आजच भाजलेले. शंभर टक्के ताजे.'
सोनेरी कडा, देखणे.

मामांनी एक उचलून उजेडात धरला
नोट पारखावी तसा.
"आणि रात्री उरतं, त्यावर काय चिकटवशील?"
म्हटलं, हेच.
उद्याही आजच असतो.

हसले नाहीत.
मैद्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला
आणि लिहिलं : कालचे. अर्धे पैसे.
मग अरबीत, उर्दूत,
मल्याळम टायरवाल्याकडून लिहून घेतलं,
आणि अगदी खाली, बोटभर जागेत, मराठीत,
जे त्या गल्लीत वाचणारे आम्ही दोघंच.

मला वाटलं, बुडालो.
कोण विकतं असं, स्वतःच्या मालाची चहाडी करून?

पहाटे चारला क्रेनवर जाणारा बिलाल
काचेवर टकटक करतो :
कालचा आहे? चहात कालचाच टिकतो.
पन्नास बैसा मोजून ठेवतो.
साडेचारपर्यंत पुठ्ठा उलटा होतो.

कचरापेटीजवळची पिवळी मांजर
आमच्यावर रुसली आहे.
हल्ली कबाबवाल्याकडे असते.

स्टिकर संपले नाहीत अजून.
मागच्या कोऱ्या कागदावर मामा
उधारी मांडतात.
ती मात्र
शंभर टक्के ताजी.