साठ तासांपैकी

शनिवारी सकाळची शाळा सुटली की
विट्याहून सांगलीची एसटी.
मांडीवर फाईल, डब्यात दोन भाकरी,
गळ्यात सवयीनं राहिलेली शिट्टी.
बेदाण्याची शेडं मागं पडतात,
माधवनगरच्या अलीकडं ती आठवते,
काढून खिशात टाकतो.

चव्वेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थी झालो.
मुख्याध्यापकांनीच नाव घातलं यादीत,
"पीटीच्या सरांना तसंही काय काम असतं?"
शालेय समुपदेशक, प्रमाणपत्र अभ्यासक्रम:
एक वर्ष, सहा पेपर,
आणि साठ तास प्रत्यक्ष मुलांसोबत,
प्रत्येक तासाखाली सही.

मुजावर मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
उपदेश करायचा नाही.
मग समुपदेशनात उरतं काय?
मागच्या बाकावरून मी.
सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "सम्."
मी ते वहीत लिहून घेतलं,
पाय मोडका.

मग जोड्या पाडल्या.
भिलवडीच्या कांबळे बाई समुपदेशक, मी मूल.
"काहीही बोला सर, खोटं चालेल."
मी म्हणालो, मला पीटीचे सर आवडत नाहीत.
"का बरं?"
रांगेत मान हलली तरी मारतात.
खोटं बोलायचं ठरलं होतं.
बाईंनी पेन खाली ठेवलं,
शिकवल्याप्रमाणं जरा पुढं झुकल्या,
आणि मला घाम फुटला,
मैदानावर कधी फुटत नाही तसा.

शाळेत खोली मिळाली क्रीडासाहित्याची.
लेझमी, उसवलेल्या चटया, हवा गेलेले व्हॉलीबॉल.
दारावर मी खडूनं लिहिलं: समुपदेशन कक्ष.
दुपारपर्यंत खाली कुणीतरी:
येड्यांसाठी.
अक्षर छान होतं. पुसलं नाही.

आठवी ब मधला पृथ्वीराज.
तक्रार एवढीच, की पेन्सिली मोडतो.
आईवडील गलाईच्या धंद्यात, तिकडं सेलमला,
हा इथं चुलत्याकडं.
आमच्या गावात निम्म्या वर्गाचा पत्ता
दोन राज्यांत लिहावा लागतो.

तीन बुधवार तो बोलला नाही.
मी प्रश्न उघडे ठेवले, दार उघडं ठेवलं.
त्यानं एका लेझमीची साखळी सोडवली,
परत अडकवली.
नोंदवहीत रकाने: समस्या, उद्दिष्ट, प्रगती.
ते तास मी धरलेच नाहीत.

चौथ्या बुधवारी, उठून,
चप्पल पायात सरकवताना:
"सर, पप्पांच्या दुकानात झाडलेला कचरा टाकत नाहीत.
पोत्यात साठवतात. मग जाळतात.
त्यातनं पण सोनं निघतं."

इथं पुनर्कथन करायचं असतं.
"म्हणजे तुला असं वाटतं की"
एवढ्यापर्यंत आलो, आणि पुढं काही सापडेना.
"किती निघतं?" विचारलं.
बंद प्रश्न. पेपरात दोन गुण कापतात.

"जास्त नाही," तो म्हणाला.
"मे महिन्यात गेलो की मी जाळायला बसतो.
आई बसू देत नाही.
धूर लागतो म्हणते."
आणि परत खाली बसला,
एक चप्पल पायात, एक हातात.

त्या रात्री पानं मागं उलटून तीन तास भरले.
समस्या: रेघ. उद्दिष्ट: रेघ.
प्रगती: साखळी सोडवली, परत अडकवली.
मुजावर मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.
मला वाटलं, खोडणार.
सह्या केल्या, तिन्ही.
एकोणतीस झाले.

परतीची पाच चाळीसची एसटी.
सुट्ट्या पैशांसाठी खिशात हात घातला
तर शिट्टी हाताला लागली, अंगाएवढी गरम.
सोमवारी पहिला तास मैदानावर, सातवी अ.
रांगा लावायच्या आहेत.
हिच्याशिवाय कशा लावतात,
ते अजून कुठल्या पेपरात आलेलं नाही.