एकोणीस रोजे

श्कोदर गावात माझं चष्म्यांचं दुकान आहे.
दिवसभर मी लोकांना विचारत असते,
आता नीट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?
बहुतेकांना फरक सांगता येत नाही.
उत्तर चुकलं तर मी रागावेन
असं वाटतं त्यांना.

रमजान लागला की
मलाही असंच वाटायचं.
तीस रोजे कधी झेपलेच नाहीत मला.
गेल्या वर्षी एकोणीस, त्याआधी बारा,
नोरा पोटात होती तेव्हा एकही नाही.
एरवी शुक्रवार येतो तसा जातो
आणि शनिवारी लुआनबरोबर
द्राक्षाच्या दारूचा एक बुटका पेला.
खोटं कशाला बोलू.
चंद्र दिसायच्या आधी लुआन ती बाटली
फडताळात मोठ्या कढईमागे ठेवून देतो
आणि महिनाभर तिचं नाव कुणी काढत नाही,
रुसून माहेरी गेलेल्या सुनेसारखं.

पहाटे बेकीर ढोल वाजवत येतो.
तो पैशांसाठी येतो, मी सवयीनं उठते,
यात देव नेमका कुठे बसतो, मला ठाऊक नाही.
पण अंधारात एक खिडकी उजळते,
मग पलीकडची, मग कोपऱ्यावरची.
गल्लीला जणू दुधाचे दात येताहेत.
मी भाकरीचा तुकडा चहात बुडवते
आणि उगाचच
कुणीतरी आपल्याला मोजलं आहे असं वाटतं,
हजेरीत नाही,
माणसांत.

आमचा फात्योन बाहेरदेशी शिकून आला.
म्हणाला, मावशी, धरायचं तर सगळं धरा,
नाहीतर सोडा.
अर्ध्या विहिरीचं पाणी कोण पितं?
मी म्हटलं, हनुवटी इथे टेकव.
त्याचा नंबर वाढला होता.
लांबचं दिसत होतं त्याला,
हातातलं दिसत नव्हतं.
(हे त्याला सांगितलं नाही. पैसेही घेतले नाहीत.)

बाबा तंबाखूच्या कारखान्यात होते,
देवाचं नाव घेणं गुन्हा होता
त्या वर्षांत.
रमजानचा महिना बरोबर हेरून
दुपारी मुकादम दुधाचा पेला पुढे करायचा.
मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात.
बाबा उघड्या डोळ्यांनी प्यायचे,
सगळ्यांदेखत, तळापर्यंत,
मिशी पुसून आभार मानायचे.
आणि रात्री दिवा बारीक करून आईला सांगायचे,
आजचा झाला.

किती वर्षं हा हिशेब मला जमला नाही.
प्यायलेलं दूध आणि झालेला रोजा
एकाच ओळीत कसे मांडायचे?
बाबा गेले. त्यांना विचारायचं राहून गेलं.

काल दुकानात डोकं ठणकायला लागलं.
पडद्यामागे जाऊन गोळी घेतली,
पाव खाल्ला, पोटभर पाणी प्यायले.
विसावा होता. गेला.
मग दोन चष्मे बसवले, एका आजोबांच्या कानामागचं
घासणारं टोक वाकवून दिलं,
आणि घरी येऊन
नेहमीसारखी मसुराची आमटी टाकली, पालकाचा ब्यूरेक भाजला,
ऑलिव्हची बशी मधोमध ठेवली.

या वर्षी प्रेंडाचाही उपास आहे,
त्यांचा, चाळीस दिवसांचा, ईस्टरपर्यंत.
मांस सोडलंय तिनं, सिगारेट नाही.
तरी रोज संध्याकाळी
न पेटवलेली सिगारेट बोटांत धरून
ती समोरच्या गच्चीत उभी असते.
कधी सांगितलं नाही मी तिला, थांब म्हणून.

नोरा म्हणाली, तू तर दुपारी खाल्लंस.
हो, म्हटलं.
मग आता कशाला थांबलीस?

आमटीवर साय धरत होती.
लुआन खिडकीकडे बघत होता.
माझा हात बशीवर होता
आणि मला भूक नव्हती,
आणि तरीही तो हात मला उचलवेना.

अजान झाली.
पलीकडे गच्चीत काडी ओढल्याचा आवाज आला.