नळीत बघायची रीत

आधी नळीत बघायचं.
लिव्हर खाली ओढायची, खोबण उघडी.
आत गोळी नाही हे करंगळीनं चाचपायचं,
डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही.
मग अंगठ्याचं नख खोबणीत धरायचं
आणि तोंडाकडून एक डोळा लावायचा.
नखावरचा उजेड आट्याआट्यानं फिरत येतो.
अब्बा म्हणायचे, दस्तगीर, नख स्वच्छ ठेव,
शिकलगाराचा तोच आरसा.

समोर स्टुलावर त्रिशलाताई आकिवाटे,
सासऱ्यांचा परवाना प्लास्टिकच्या पिशवीत.
"किती सालची आणि काय किमतीची
एवढं लिहून द्या. ठाण्यात जमा करायचीय."

किंमत नंतर. आधी साल.
गणपती पेठेत माझ्या भिंतीवर कृष्णेच्या दोन रेघा आहेत,
खालची पाचची, वरची एकोणीसची.
तीनदा चुना मारला, तरी ओल वर येते
आणि आपलं साल सांगते.
लोखंडाचंही तसंच. फक्त ते हळू बोलतं.

आठकोनी नळी.
दस्ता अक्रोडाचा, मूळचाच;
बदललेला असता तर निम्मी किंमत तिथंच गेली असती.
पोटाखाली नंबर, भिंगातून पाच आकडे दिसतात,
सहाव्यावर गंज बसलाय.
नळीवर कलकत्त्याच्या एका दुकानाचं नाव,
पत्त्यातली गल्ली पुसलेली.
स्क्रूच्या खाचा कोऱ्या,
कुणा अडाण्याचा पेचकस लागलेला नाही.

निळाई उडालीय ती एकाच जागी,
बरोबर मधोमध, जिथं तोल धरून उचलतात.
लिव्हरच्या कड्यात, जिथं तीन बोटं जातात,
तिथं निळाई जशीच्या तशी.
उचलली खूप. चालवली नाही.

"आमच्यात दिवा लावताना किडा पडला तरी जेवण जात नाही,"
ताई म्हणाल्या.
"मामंजी दर खंडेनवमीला माळ्यावरून काढायचे,
तेल लावायचे, परत माळ्यावर.
का विचारलं तर म्हणायचे, ठेव आहे.
पुरात तिजोरी बुडाली आमची. ही कोरडी."

दस्त्याच्या बुडाला लोखंडी पट्टी, पट्टीत झडप,
नळी पुसायची सळई ठेवायला.
सळई नव्हती.
विडीसारखा वळलेला कागद होता, मोडी.

उपळेकर मास्तर रिक्षानं आले,
भाडं ताईंनीच दिलं.
शके अठराशे पंचेचाळीस, आषाढ.
जतकडच्या कुणा इनामदाराची बंदूक
तातोबा आकिवाट्यांकडे गहाण, रुपये दोनशे सत्तर.
मास्तर अडखळले, पुन्हा मागे गेले,
मग बोट ठेवून सावकाश वाचलं:
*व्याज नाही. बंदूक आमचे घरी आहे तोवर
धन्याने काळवीट मारू नये.*

पंखा तेवढा फिरत होता.
मी म्हटलं, इनामदाराकडं एकच बंदूक असते होय?
दुसरी काढली असणार त्यानं.
म्हटलं, आणि उगाच म्हटलं असं वाटलं.

सोडवायला कुणी आलं नाही.
म्हणजे मुद्दल तिथंच,
आणि व्याज शंभर वर्षं चढत गेलं,
किंवा फिटत गेलं.
ते कसं मांडायचं?
वर्षाला किती काळविटं धरायची?
त्यांची पिल्लं धरायची का?
अब्बांनी नळी बघायला शिकवली,
हा हिशेब नाही शिकवला.

फॉर्मवर मी लिहिलं,
साल: शतक पालटायच्या आसपास, खात्रीनं नाही.
स्थिती: उत्तम.
किंमत: जी लिहायची ती लिहिली,
परवान्याचं गिऱ्हाईक हल्ली वर्षात एखादं येतं,
त्याच्या खिशाकडं बघून.
सही, शिक्का.

"हा कागद तुम्ही घरी ठेवा," मी म्हटलं,
"ठाण्यात हत्यार तेवढं घेतात."
ताईंनी पिशवीला गाठ मारली.
"होता तिथंच असू द्या.
ठेवीबरोबर पावती असावी."

कागद आत सरकवला.
झडप लागेना, घट्ट झाली होती.
बिजागरीला एक थेंब तेल सोडलं
आणि थांबलो.