उतानी

ताबोराच्या छापखान्यात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या चुका तपासून निवृत्त झालेले
कासांदा मिहायो
बुटांच्या खोक्यात शब्द पाळायचे.
एका कार्डावर एक.
कडेला तारीख,
आणि तो कुणाच्या तोंडून पडला, त्याचं नाव.

हसण्याचे शब्द निळ्या शाईत.

म्झाहा : साधी गंमत, चहाबरोबर चालते.
केजेली : हिच्यात माशासारखा काटा असतो,
घास गिळून झाल्यावर कळतं.
किचेकेशो : तिकीट काढून बघायचा.
धिहाका : या कार्डावर एकच वाक्य,
'शाळेत माझी केली,'
पुढे दीड बोट कोरी जागा.

मासिहारापाशी मी थांबलो.
अरबांच्या गलबतातून निघालेला हा शब्द
इथे उतरला तो मासिहारा झाला,
आमच्या बंदरांकडे वळला तो मस्करी.
सख्खी भावंडं, पण ओळख देत नाहीत.
मी कासांदांना सांगितलं,
आमच्याकडे मस्करीची कुस्करी होते.
यमक त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं.
अर्थ विचारला नाही.

शेवटचं कार्ड : उतानी.
खाली काहीच नाही.
हे का कोरं?
'हे लिहिता येत नाही, बघावं लागतं.
थांबा थोडं,' ते म्हणाले.
वय वर्षं एकोणऐंशी, आणि म्हणे थांबा थोडं.

आंबे उतरायच्या दिवसांत ते गेले.
तिसऱ्या दिवशी आगगाडीने
किनाऱ्याकडून चौसिकू आली, जातीची झारामो.
तिचे नि यांचे लोक एकमेकांचे वातानी,
तांड्यांच्या काळापासून.
यांचे पणजे खांद्यावर हस्तिदंत घेऊन
तिच्या पणज्यांच्या गावातून जायचे,
पाण्यावरून डोकी फुटायची,
मग कधीतरी ठरलं म्हणतात,
की यापुढे भांडायचं ते फक्त जिभेनं.

ती आली ती कासांदांचाच कोट घालून,
त्यांचाच चष्मा नाकाच्या टोकावर,
कानामागे लाल पेन्सिल.
पाद्रीबाबांच्या हातातला कागद ओढून म्हणाली,
'या प्रार्थनेत दोन चुका आहेत.
असा मजकूर घेऊन वर जाणार हा माणूस?'
कुणीतरी खोकलं. खोकला नव्हता तो.
मग खड्ड्यात उतरली
आणि सरळ आडवी झाली, आभाळाकडे तोंड करून.

उतानी.
माझ्या कानाला ते उताणीच ऐकू आलं.
खरंच, पाठीवर पडल्याशिवाय
हा शब्द कुणाला कळणार?

'जागा माझी,' ती खालून ओरडली,
'याला हवी असेल तर भाडं टाका.
आणि मोजली कुणी? न्याम्वेझींनी?
हस्तिदंताशिवाय काही मोजलंय का कधी?'

न्यामिझी, त्यांची बायको,
तीन दिवस अन्नाला शिवली नव्हती, कुणाशी बोलली नव्हती.
तिने कांगाच्या पदराची गाठ सोडली,
एक नाणं काढलं,
नेम धरून खाली फेकलं.
'घे. आणि समुद्राशेजारी राहतेस,
पोहायला शिक एकदा.'

पुढे तिच्या घशातून जो आवाज निघाला
तो कुठल्या कार्डात घालायचा,
मला ठरवता आलेलं नाही.

रात्री मोठी पातेली घासायला
चौसिकू एकटीच बसली. राख, नारळाची शेंडी.
कोट घडी करून दगडावर ठेवलेला.
तेव्हा ती कुणाचीच थट्टा करत नव्हती.
चष्मा मात्र अजून नाकावर होता,
धुराने काचा आंधळ्या झाल्या होत्या.

मला बघून म्हणाली,
'तुमच्यात मेल्यावर कोण येतं टिंगल करायला?'
मी म्हटलं, आमच्यात ते काम
जिवंतपणीच उरकून घेतात.
तिने पातेलं उपडं केलं.
'मग मेल्यावर काय करता? नुसते रडता? अरेरे.'

मी खिशातून कार्ड काढलं.
मधली जागा तशीच सोडली,
कडेला तारीख घातली, तिचं नाव लिहिलं.

'छापणार?' तिने विचारलं,
आणि राखेने भरलेला हात
पुढे केला, 'शिलिंग काढा.'